दह्यात पाणी घातलं म्हणून दूध होत नाही

*काकू, नमस्कार. पुण्यात आमच्या गच्चीवर माझा छोटा पॉटरी स्टुडिओ आहे. गेल्या ऑगस्टमध्ये मी दहा किलो पावडरीचं पांढरं सॅटिन ग्लेझ (भांड्यावर चढवून भट्टीत काचेसारखं वितळवायचं मिश्रण) केलं. फेल्स्पार, सिलिका, व्हाइटिंग, चायना क्ले, फ्रिट आणि थोडं झिर्कोनियम, कोन ६ चं (कोन म्हणजे भट्टीच्या तापाचं माप). फेब्रुवारीपर्यंत छान चाललं. एप्रिलपासून मात्र ते बादलीत घट्ट व्हायला लागलं. दर वेळी थोडं पाणी घालून पातळ करते, मग हाताला बरं वाटतं. पण भट्टीतून भांडी निघतात ती फिकी, कडांना माती दिसते, सॅटिनचा मऊपणा गेला. थोडं घट्ट ठेवून पाहिलं तर ग्लेझ गोळा होऊन भांड्यावर टक्कल पडलं. बाबांनी द्रव किती जड ते मोजायचं, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं हायड्रोमीटर दिलं, तर त्याचा फ्लोट वर जाऊन चिकटला तो खाली येईना. पुस्तकांत लिहितात, 'हेवी क्रीमइतकं दाट'. म्हणजे नेमकं किती? बादली अजून चौदा लिटरच्या खुणेपर्यंत भरलेली आहे, फेकायला जीव होत नाही. आणखी एक: यातल्याच लिटरभर ग्लेझमध्ये आयर्न ऑक्साइड घालायचं तर किती? पावडर तर आता ओली आहे. (सोसायटीत सध्या टँकरचं पाणी येतं, त्यामुळे स्टुडिओ धुणंही जिवावर आलंय. असो.)*

अगं, तू काकू म्हटलंस म्हणून मीही सरळ अगं-तुगं करते. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकून 'असो' म्हटलंस. त्याच्याकडे येते, पण आधी त्या 'हेवी क्रीम'चा निकाल लावू.

आपल्या घरात साय असते, मलई असते, चांगल्या दिवशी बासुंदी असते. हेवी क्रीम कुणाच्या फ्रिजमध्ये असलंच तर ते केकवाल्यांच्या. मीही सुरुवातीला ते वाक्य वाचून ग्लेझ बासुंदीइतकं केलं होतं आणि भट्टीतल्या शेल्फला सहा मग कायमचे चिकटवले होते. पण अडचण फक्त क्रीमची नाही. 'दाट' या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे पाण्यात पावडर किती आहे. दुसरी म्हणजे ते मिश्रण वाहतं कसं.

घरातलंच बघ. लिटरभर दूध घेतलंस, कोमट करून विरजण लावलंस. सकाळी दही. वजन तेवढंच, आतला स्निग्धांश तेवढाच, पाणी तेवढंच. तरी दूध भांड्यातून ओतलं जातं आणि दही चमच्यानं काढावं लागतं. आता तुला ते दह्याचं भांडं दाखवून कुणी म्हणालं, 'दूध फार घट्ट झालंय, पाणी घाल,' तर तू घालशील का? घातलंस तर ते दुधासारखं वाहील खरं, पण ते ताक असेल. गेले दोन-तीन महिने तू ग्लेझचं ताक करते आहेस.

हे मी बादली न पाहता सांगते आहे, कारण हिशेब तुझ्या पत्रातच आहे. दहा किलो पावडर घेऊन बुडवण्याजोगं ग्लेझ केलं, तर ते साधारण १३.७ लिटर भरतं. (हा आकडा कुठून आला ते शेवटी सांगते.) म्हणजे ऑगस्टमध्ये तुझी बादली जवळजवळ चौदाच्या खुणेवर असणार. त्यानंतर आठ-नऊ महिने तू त्यातून भांडी काढलीस. पाव हिस्सा तरी भांड्यांवर बसून गेला असेल. तरी बादली चौदावरच! पावडर वाढलेली नाही, मग वाढलं काय? माझा अंदाज आहे की ग्लेझचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ते पाण्याच्या किती पट जड तो आकडा, १.४५ वरून १.३२ च्या आसपास उतरलंय. अंदाज चुकेलही, म्हणून आधी मोजू.

मोजायला हायड्रोमीटर नको. बाबांचं तर नकोच. बॅटरीच्या हायड्रोमीटरची पट्टी साधारण १.१ ते १.३ एवढीच असते, कारण बॅटरीतलं आम्ल त्याच पट्ट्यात राहतं. ग्लेझ त्याच्या वरचं, म्हणून फ्लोट टोकाला जाऊन बसला. आमच्याकडे एका विद्यार्थ्यानं गवळ्याचं लॅक्टोमीटर आणलं होतं, त्याची पट्टी तर त्याहून खाली संपते. ग्लेझसाठी योग्य पट्टीचं हायड्रोमीटर मिळतं. त्यावर कधी कधी विशिष्ट गुरुत्वाऐवजी 'बोमे' अंश असतात. आंत्वान बोमे नावाच्या फ्रेंच औषधनिर्मात्यानं १७६८ साली ही मोजपट्टी बसवली. शुद्ध पाणी शून्यावर आणि मिठाचं पंधरा टक्के द्रावण पंधरावर, असा तिचा पाया. बोमे अंश १४५ मधून वजा करायचे आणि त्या उत्तरानं १४५ ला भागायचं. ४५ बोमे म्हणजे १४५ भागिले १००, म्हणजे १.४५. आकडे जुळतात हा योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.

तरीही मी तुला हायड्रोमीटर घे म्हणणार नाही. तुझं ग्लेझ सध्या दह्यासारखं आहे. दह्यात कांडी खोचली तर ती जिथे सोडशील तिथेच उभी राहते, बुडायचं तितकी बुडत नाही आणि वरही येत नाही. म्हणजे हायड्रोमीटर नेमकं ज्या दिवशी हवं, त्याच दिवशी खोटं बोलतं.

त्यापेक्षा काटा घे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो, फक्त तो नंतर ओट्यावर परत नेऊ नकोस. एक छोटी, अरुंद तोंडाची बाटली घे. रिकामी ठेवून काटा शून्य कर. काठोकाठ पाणी भरून वजन लिही. मग बाटली वाळवून काठोकाठ ग्लेझ भर, बाहेरचे ओघळ पूस आणि पुन्हा वजन कर. ग्लेझच्या वजनाला पाण्याच्या वजनानं भाग. समज, पाणी ११२ ग्रॅम भरलं आणि ग्लेझ १४८, तर १.३२. एवढंच. बाटलीवर छापलेल्या मिलिलिटरवर विश्वास ठेवू नकोस, पाण्यानंच तिचं माप काढ. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंजही चालते. पण ग्लेझमध्ये हवेचे बुडबुडे असतील तर आकडा कमी येतो, म्हणून ढवळल्यावर पाच मिनिटं थांब. आणि मोजण्याआधी बादली तळापासून ढवळ. वरवरचं मोजून उपयोग नाही, जड माल खाली बसलेला असतो. टाइल्सच्या कारखान्यांत याच गोष्टीला 'लिटर वेट' म्हणतात. एक लिटर भरून वजन १४५० ग्रॅम आलं की १.४५. शब्द वेगळा, काटा तोच.

किती हवं? बुडवण्याच्या ग्लेझसाठी १.४० ते १.५० च्या दरम्यान बहुतेक स्टुडिओंचं काम चालतं. माझी पांढरी सगळी १.४५ च्या आगेमागे आहेत. पण हा माझा आकडा, माझ्या बिस्कवर, म्हणजे ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेल्या भांड्यांवर. माझं बिस्क कोन ०६ चं, म्हणजे हजार अंशांच्या जरा आत. तू बिस्क कोन ०४ ला, म्हणजे माझ्याहून जास्त तापवून, करत असशील तर तुझी माती कमी पाणी शोषेल आणि त्याच ग्लेझचा थर पातळ बसेल. म्हणून तुझा आकडा तू शोध, आणि सापडला की बादलीवर मार्करनं लिही. डोक्यात ठेवू नकोस.

आता तुझा कंस.

ऑगस्टमध्ये तुझ्या नळाला धरणाचं पाणी होतं. एप्रिलपासून टँकर. टँकर बहुतेक बोअरवेलवर भरतात, आणि दख्खनच्या काळ्या खडकातून येणारं ते पाणी जड असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. गीझरच्या कॉइलवर पांढरं साचतं ते हेच. चायना क्लेचे कण म्हणजे बारीक चपट्या चकत्या. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून स्वच्छ पाण्यात त्या एकमेकींपासून फटकून राहतात आणि मिश्रण सहज वाहतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे दुहेरी धन भाराचे आयन आले की हा फटकूनपणा मोडतो. चकत्या एकमेकींना टेकतात, पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना होते आणि त्या बंगल्यात पाणी अडकून बसतं. हे तुझं दही. तू त्याला पातळ करायला पाणी घातलंस, तेही टँकरचंच. म्हणजे दह्यात पाण्याबरोबर थोडं विरजणही. आठवड्यानं पुन्हा घट्ट. पुन्हा पाणी. पावडर तीच, पाणी वाढतंय, म्हणून थर पातळ, म्हणून कडांना माती.

आणि टक्कल? घट्ट झालेलं तेच ग्लेझ तू पाणी न घालता वापरलंस, तेव्हा थर जाड आणि पाणीदार बसला. असा थर वाळताना आकसतो, भेगा पडतात आणि भट्टीत त्या भेगांपासून ग्लेझ मागे सरकून गोळा होतं. भांड्यावर धूळ किंवा हाताचं तेल असलं तरी हे होतं, तेही तपास. पण तुझ्या बाबतीत आधी मी थराकडे बोट दाखवीन.

आता निष्पक्षपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. पुण्याच्या मे महिन्यात झाकण उघडं राहिलं तर पाणी उडून ग्लेझ खरोखरच दाट होतं, आणि तेव्हा पाणी घालणं हाच बरोबर उपाय. दोन्ही वेळा बादली हाताला सारखीच लागते. म्हणून नियम एकच धर: घट्ट वाटलं की आधी वजन. आकडा वाढला असेल तर पाणी घाल. आकडा तोच असेल, किंवा उतरला असेल, तर पाण्याला हात लावू नकोस.

बादली फेकू नकोस. ती वाचते.

चौदा लिटर, १.३२ वरून १.४५ वर न्यायचं. काढायचं पाणी म्हणजे एकूण लिटर, गुणिले दोन आकड्यांतला फरक, भागिले हव्या त्या आकड्यातून एक वजा केल्यावर उरतं ते. १४ गुणिले ०.१३, भागिले ०.४५. चार लिटर. (उलटं, कधी पाणी घालायचं असेल तेव्हाही हाच हिशेब, फक्त फरक उलट दिशेचा: दहा लिटर ग्लेझ १.५५ वर असेल आणि १.४५ हवं असेल तर सव्वादोन लिटरला जरासं कमी.) बादली दोन दिवस अजिबात न हलवता ठेव. वर नितळ पाणी सुटेल. ते वाटीनं किंवा नळीनं अलगद काढ. तुझ्या ग्लेझमध्ये विरघळणारं फारसं काही नाही, म्हणून हे पाणी फेकलं तरी चालेल. राखेच्या किंवा सोडा अॅशच्या ग्लेझला मात्र असं करायचं नाही, तिथे नितळ पाण्याबरोबर ग्लेझचा अर्धा जीव निघून जातो. ते उघडं ठेवून वाळवावं लागतं.

मी तुझ्या जागी असते तर चारऐवजी सहा लिटर काढलं असतं आणि घरच्या आरओचं दोन लिटर परत घातलं असतं. त्यानं जड पाण्यातले क्षारही थोडे कमी होतील. सहा लिटर एका दिवसात सुटणार नाही, दोन-तीनदा कर. मग ८० नंबरच्या चाळणीतून सगळं एकदा गाळ. इथून पुढे ग्लेझला फक्त आरओचं किंवा पावसाचं पाणी. स्टुडिओ धुवायला टँकर चालेल.

१.४५ वर आल्यावर ते कदाचित अजूनही दह्यासारखंच असेल. घाबरू नकोस, आता आकडा बरोबर आहे, फक्त वाहणं सुधारायचंय. एसटीपीपी, म्हणजे सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट, केमिकलच्या दुकानात मिळतं. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे जड पाण्याच्या दुखण्यावर नेमकं. १०० मिलिलिटर गरम पाण्यात ५ ग्रॅम विरघळव. बादलीत ओतू नकोस! आधी एक लिटर ग्लेझ वेगळं काढ, त्यात एक चमचा घाल, ढवळ, दहा मिनिटं थांब, बघ. मग दुसरा. लिटरला तीनेक चमच्यांपुढे गेलीस तर थांब. जास्त झालं तर ग्लेझ दुधासारखं सैल वाहतं, भांड्यावर चढत नाही, ओघळतं, वाळता वाळत नाही आणि रात्रीत तळाशी दगडासारखं बसतं. मी एकदा बोटभर जाड थर छिन्नीनं काढलाय. विनोद नाही.

हा दगड तुला पावसाळ्यात एसटीपीपी न घालताही भेटू शकेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. फेल्स्पार आणि काही फ्रिट महिनोन् महिने पाण्यात राहिले की त्यांतलं सोडियम थोडं थोडं सुटतं आणि ग्लेझ सैल पडतं. त्यावर उतारा एप्सम सॉल्ट. म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे टँकरच्या पाण्यानं फुकट केलं तेच, पण या वेळी मोजून. औषधाच्या दुकानात मिळतं, कृषी सेवा केंद्रात खताच्या नावाखाली स्वस्तात मिळतं. गरम पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत विरघळवून बाटलीत भरून ठेव. दोन-तीन लिटरमागे चहाच्या चमच्यानं एक, ढवळून वाट पाहायची. तेही नसेल तर किराणातलं व्हिनेगर. एसटीपीपीची आणि एप्समची बाटली शेजारी ठेवू नकोस. एक घट्ट करते, एक सैल, आणि घाईत हात चुकीच्या बाटलीवर जातो.

वाहणं मोजायचं कसं? गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये तळाला भोक असलेला एक कप असतो, फोर्ड कप. टाइल्सच्या कारखान्यांत ग्लेझसाठीही तोच वापरतात. बोट लावून भोक बंद करायचं, कप काठोकाठ भरायचा, बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. नसेल तर एखाद्या प्लास्टिकच्या नरसाळ्याची नळी अरुंद करून कायम तेच वापर. माझे सेकंद तुझ्या नरसाळ्याला लागू नाहीत, त्यामुळे आकडा सांगत नाही. ग्लेझ छान बसलं त्या दिवशीचे सेकंद लिहून ठेव, तेच तुझं प्रमाण.

आणि उपकरणाशिवाय एक खूण. बादली जोरात गोल ढवळ, हात काढ आणि पृष्ठभागाकडे बघत राहा. सैल ग्लेझ फिरतच राहतं. दह्यासारखं झालेलं लगेच थिजतं. चांगलं ग्लेझ हळूहळू थांबतं आणि थांबताना किंचित मागे येतं, झोक्यावरून उतरल्यावर झोका येतो तसं. ते मागे येणं दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो. असं ग्लेझ बुडवताना सरसर वाहतं, भांडं बाहेर काढलं की जागच्या जागी थांबतं, ओघळ नाही.

शेवटचा न्याय तरीही तुकड्याचाच. सारख्या मापाचे बिस्कचे तुकडे करून ठेव. एक कोरडा तुकडा वजन कर, मोजून तीन सेकंद बुडव, पूर्ण वाळू दे, पुन्हा वजन कर. वाढलेले ग्रॅम म्हणजे त्याच्यावर चढलेलं ग्लेझ. सुईनं ओरखडा काढून थर बघ, अर्धा ते एक मिलिमीटरच्या दरम्यान हवा. मला हे उशिरा कळलं. एका हॉटेलच्या साठ वाट्या केल्या होत्या. तिसाव्या वाटीला ग्लेझ घट्ट वाटलं, मी डोळ्यांनी पाणी घातलं. निघाल्या त्या दोन घराण्यांच्या वाट्या. हॉटेलवाल्यानं तीस घेतल्या. उरलेल्यांत अजून आमच्याकडे कोशिंबीर वाढतात.

आता तुझं आयर्न ऑक्साइड, आणि माझ्या १३.७ चा पत्ता. अलेक्झांद्र ब्रोन्यार हा माणूस १८०० ते १८४७ फ्रान्समधल्या सेव्ह्रच्या पोर्सिलेन कारखान्याचा प्रमुख होता. ओल्या मिश्रणात कोरडा माल किती, याचं त्याच्या नावाचं सूत्र आहे. मिश्रणाच्या वजनातून तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचं वजन वजा कर. उरलेल्याला पावडरीच्या स्वतःच्या विशिष्ट गुरुत्वानं गुण आणि त्यातून एक वजा केलेल्या आकड्यानं भाग. आपल्या ग्लेझच्या पावडरीचं विशिष्ट गुरुत्व २.६ धर. तुझ्यात झिर्कोनियम आहे, त्यानं ते थोडं वर जाईल, पण कामाला पुरेल. एक लिटर, १.४५ वर, म्हणजे १४५० ग्रॅम. १४५० उणे १०००, ४५०. गुणिले २.६, भागिले १.६. उत्तर ७३१ ग्रॅम कोरडी पावडर. दहा किलोला ७३१ ग्रॅमनं भाग, १३.७ लिटर.

तुला दोन टक्के आयर्न हवं असेल तर ७३१ चे दोन टक्के, साडेचौदा ग्रॅम. ओल्या लिटरचे, १४५० चे, दोन टक्के काढलेस तर एकोणतीस ग्रॅम होतील आणि सॅटिन पांढऱ्याऐवजी भलतंच तपकिरी काहीतरी निघेल. ऑक्साइड आधी थोड्या पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळून घाल, नाहीतर ठिपके पडतील. पण हे सगळं बादली १.४५ वर आल्यानंतर. आत्ताच्या ताकात हा हिशेब केलास तर लिटरमध्ये ७३१ ऐवजी ५२० ग्रॅमच पावडर असेल.

पुढच्या वेळी ग्लेझ करशील तेव्हा पावडरीत एक टक्का बेंटोनाइट (एक अतिबारीक, चिकट माती) कोरडंच मिसळून टाक, तळाशी बसण्याचा त्रास कमी होईल. ओल्यात नंतर घातलंस तर त्याच्या गुठळ्या फोडत बसशील. पावडर मिसळताना मास्क लाव. सिलिकाची धूळ डोळ्यांना दिसत नाही तीच फुप्फुसात जाते, आणि गच्चीवर वारा आहे म्हणून ती जात नाही असं नाही.

आणि बाबांचं हायड्रोमीटर परत दे, पण आधी आतून-बाहेरून स्वच्छ धू. फ्लोटवर ग्लेझचा थर राहिला तर तो जड होऊन खाली बसेल, आणि बाबा भरलेल्या बॅटरीला उतरलेली समजून इन्व्हर्टरवाल्याला फोन करतील.